धाकटीपर्यंतचं अंतर

देवाशी बोलताना माणसाने आकडा आधी विचारून घ्यावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मी विचारला नव्हता. धाकट्या बहिणीच्या घशातली गाठ काढायची होती. ती लांबच्या शहरात, मी इथे, आणि आमच्या ह्यांचा मोतीबिंदू काढून चारच दिवस झालेले. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायला घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे मला जाता येईना. त्या सकाळी हात जोडून मी म्हणाले, "ती सुखरूप बाहेर येऊ दे. मी चालत तिच्यापर्यंत जाईन." अकरा वाजता मेहुण्यांचा फोन आला, सगळं नीट झालं म्हणून. सव्वाअकराला माझ्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो आहोत.

मी तशी नेमाची बाई आहे. सकाळी प्रार्थनेआधी चहा नाही. रोज दोन पानं वाचल्याशिवाय जेवण नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर कोणाला टाकून बोलायचं नाही, त्यामुळे रागवायचं असेल तर मला ते उजेड आहे तोवर उरकून घ्यावं लागतं. ह्यांना हे पाठ आहे. आपल्या हातून काही फुटलं-सांडलं तर हे सातनंतर सांगतात.

"एवढ्या लांब कोण चालत जातं?" हे डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी करत म्हणाले. "गच्चीवर चाल. तेवढंच अंतर भरून काढ. देवाला तिथून दिसतं, उलट जवळच पडेल."

मला ते पटलं, पण मनाचा कौल नको म्हणून मी गुरुजींना विचारायला गेले. गुरुजी फार कमी बोलतात. ते म्हणाले, "चालेल. जागा कुठलीही असो. मोजमापात मात्र लबाडी नको."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते, तर पुढचं काहीच झालं नसतं.

इकडे धाकटीला डॉक्टरांनी बारा आठवडे मौन सांगितलं. कुजबुजसुद्धा नाही. मेहुण्यांनी "यात काही कमी-जास्त होईल का" असं विचारलं, आणि त्यातलं 'जास्त' त्यांनी जरा आशेने विचारलं, असं धाकटीचं म्हणणं आहे. कारण आमची धाकटी म्हणजे बोलणं. आईच्या पोटातून ती काहीतरी सांगतच आली असावी. मी चार वर्षांनी मोठी, पण लहानपणी पाहुण्यांनी मला विचारलं "बाळ, नाव काय तुझं?" तर उत्तर ती द्यायची. माझा आवाज हळू राहिला तो त्यामुळेच, जागाच मिळाली नाही.

आता ती फोनवर लिहून पाठवू लागली. "ताई, इथे सगळे माझ्याशी खुणा करून बोलतात. मी मुकी आहे, बहिरी नाही." मग दुसऱ्या दिवशी, "ताई, डॉक्टर म्हणतात आवाज परत येईलच असं सांगता येत नाही. बाराव्या आठवड्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता बघणार आहेत. पहिला शब्द मी तुझ्याशी बोलणार. तू समोर नसलीस तर तोंड उघडणार नाही."

आता माझी अडचण बघा. मी गाडीत बसून गेले, तर नवस मोडला. चालत जाईन म्हणाले होते ना? म्हणजे आधी चालणं पुरं करायचं, मगच तिच्यासमोर उभं राहायचं. आणि नवस अर्धा टाकून गेले, आणि तिने तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही, तर मी उरलेलं आयुष्य स्वतःला काय सांगणार होते?

तेव्हा प्रश्न एकच होता. दोन शहरांमधलं अंतर किती?

हा प्रश्न इतका साधा वाटतो, की आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला त्याचं उत्तर येत होतं.

वरच्या मजल्यावरचे मास्तर एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी नकाशाचं पुस्तक काढलं, बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, एका टिंबावर बोट दाबलं, दुसऱ्या टिंबावर मला दाबायला लावलं, आणि दोरा पट्टीवर ठेवून म्हणाले, "पाचशे नव्वद. सरळ रेषेत."

"मास्तर, मध्ये नदी आहे, डोंगर आहेत. मी काय उडत जाणार?"

"नवसात उडायचं नाही असं म्हटलंय का?"

"चालत असं म्हटलंय."

मास्तर जरा हिरमुसले. मग दोरा नदीच्या कडेने वळवत त्यांनी पुन्हा मोजलं, तर सहाशे सत्तर भरलं. दोरा ताणून धरला की सहाशे पंचेचाळीस. त्यांच्या बायकोने दोरा परत मागितला तेव्हा आम्ही थांबलो.

तळमजल्यावर ड्रायव्हरदादा राहतात. महिन्यातून दोनदा ते त्याच शहराकडे ट्रक घेऊन जातात, म्हणजे यांना तर माहीत असणारच. ते म्हणाले, "माल असला तर अठरा तास, रिकामी असली तर पंधरा."

"आणि किलोमीटर?"

"किलोमीटर मोजत बसलं की झोप येते, ताई."

ह्यांच्या फोनमधल्या नकाशात पायी जायचा रस्ताही दाखवतात. त्याने सातशे एकतीस सांगितलं, आणि न थांबता चाललं तर सहा दिवस दोन तास. मी चहा ठेवून येईपर्यंत तो म्हणाला पुढे काम चालू आहे, दुसरा रस्ता सुचवतो, सातशे चव्वेचाळीस. चहा गाळताना मी हात जोडले, की बाबा रे, घोट घेईपर्यंत तरी तिथेच राहू दे.

"देव काय टेप घेऊन बसलाय?" हे म्हणाले.

"तो नसेल. तुम्ही बसलाय," मी म्हणाले, कारण हे खरोखर टेप घेऊन बसले होते. पाणीखात्यात तेहतीस वर्षं मीटर वाचण्यात गेलेला माणूस, मोजायचं काही दिसलं की डोळ्याची पट्टी विसरतो. त्यांनी गच्ची मोजली. टाकीला वळसा घालून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या टाळून, एक फेरी बरोबर चौसष्ट मीटर. मग कपाटातून रेल्वेचं छापील वेळापत्रक काढलं आणि बोट ठेवलं, "हे बघ. सातशे दोन. छापलेलं आहे. रोजचे नऊ किलोमीटर, अठ्ठ्याहत्तर दिवस. एकोणऐंशीव्या दिवशी गाडीत बसायचं, सोमवारी सकाळी तिथे." आणि लगेच दोघांची तिकिटं काढून मोकळे झाले. फेऱ्यांची वही ठेवायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं.

माझ्या मनाला मात्र रेल्वेचा आकडा चावत होता. रेल्वे बोगद्यातून जाते, बोगद्यातून पायी जायला बंदी आहे. पण चालणं तर सुरू करायला हवं होतं. तेव्हा सातशे दोन धरून मी फेऱ्या सुरू केल्या आणि खरा आकडा सरकारी कागदावर मिळवायचं ठरवलं.

रस्ते खात्याच्या कचेरीत खिडकी क्रमांक चारवर एक बाई होत्या. एक चष्मा कपाळावर आणि दुसरा नाकावर. मी दोन्ही शहरांची नावं सांगितली आणि अंतराचा दाखला हवा म्हणाले.

"कोण राहतं तिथे?"

"धाकटी बहीण."

"दोघींत अंतर किती?"

"चार वर्षं."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला. मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. माझे कान तापले. नंतर कळलं की 'अर्जदाराच्या माहितीप्रमाणे अंदाजे अंतर' असा अर्जात रकाना आहे, आणि त्या तेच विचारत होत्या. मी तिथे काहीच लिहिलं नाही. अंदाजे ठाऊक असतं तर मी खिडकीशी कशाला उभी राहिले असते?

पुढचा रकाना होता कारणाचा. वाहतूक, बांधकाम, न्यायालयीन, इतर. मी इतरवर खूण केली.

"इतर असेल तर पुरावा जोडा," बाई म्हणाल्या.

"नवसाचा पुरावा कुठून आणू?"

"कोणासमोर बोललात?"

मी वर बघितलं. बाईंनीही वर बघितलं. तिथे पंखा होता. त्या जरा नरमल्या आणि म्हणाल्या, "मग असं करा, स्वतःच्या हाताने लिहून द्या, काय बोललात ते शब्दाला शब्द, आणि एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याची सही घ्या." आमच्याकडे निवृत्त माणूस घरातच होता, पण नवऱ्याची सही चालत नाही. शेवटी मास्तरांनी सही केली. 'मी चालत तिच्यापर्यंत जाईन' या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'मजकूर वाचला, भूगोलाच्या दृष्टीने अपुरा आहे.'

दाखला येईल म्हणाले. मी चालत राहिले.

सकाळी पंच्याहत्तर फेऱ्या, संध्याकाळी पंच्याहत्तर. पहिल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर अशी बातमी होती, की माझं ह्यांच्याशी बिनसलंय आणि मी घरात थांबत नाही. दुसऱ्या आठवड्यात खालच्या वहिनी वर आल्या. गच्चीच्या बरोबर खाली त्यांची झोपायची खोली. "तुम्ही अगदी हळू बोलता हो," त्या म्हणाल्या, "पण पाय?" तेव्हापासून मी कापडी जोडे घातले. वहिनी विरघळल्या आणि सल्ले द्यायला रोज येऊ लागल्या. त्यांचं म्हणणं, उलटं चालावं, गुडघ्याला फार चांगलं. मी दहा फेऱ्या उलट्या चालले आणि मग घाबरून थांबले. उलट चाललेलं वजा तर होत नसेल? गुरुजींना विचारायची हिंमत झाली नाही. त्या दहा फेऱ्या मी सरळ पुन्हा चालले आणि वहीत लिहू नका म्हणून ह्यांना सांगितलं.

धाकटीचं रोज विचारणं असायचं. "ताई, आज कुठे पोचलीस?" मी मास्तरांच्या नकाशात बघून सांगायची, आज नदी ओलांडली, आज घाटाखाली आहे. ती लिहायची, "घाटात जपून. तुला चक्कर येते." आणि झोपायच्या वेळी, "ताई, आवाज नाहीच आला तर?" मी लिहायची, येईल. आणि दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या जास्त मारायची, हिशोबाबाहेरच्या.

पंच्याहत्तराव्या दिवशी संध्याकाळच्या फेऱ्याही मी दुपारीच उरकल्या, आणि वहीत सहाशे पंच्याहत्तर किलोमीटर झाले. आता तीनच दिवस, सत्तावीस किलोमीटर, आणि संपलं. मी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती. तेवढ्यात टपाल आलं. रस्ते खात्याचा दाखला, गोल शिक्क्याचा. 'दोन्ही शहरांमधील रस्त्याचे अंतर: सातशे अडुसष्ट किलोमीटर.'

मी खाली बसले.

"शिक्का बघू," हे म्हणाले, जणू शिक्क्यात काही कमी होणार होतं. मग त्यांना तळाशी बारीक अक्षरात एक ओळ सापडली, आणि ते इतके खूश झाले की ती त्यांनी दोनदा वाचली. "हे बघ, 'सदर दाखला पादचाऱ्यांसाठी लागू नाही.' म्हणजे तुला लागूच नाही हा."

"मग मला कुठला लागू आहे?"

त्यावर ह्यांनी चष्मा पुसला.

त्र्याण्णव किलोमीटर, तीन दिवसांत. मी वही मागितली. एखादा दिवस लिहायचा राहिला असेल, या आशेने पानं उलटली. प्रत्येक पानावर ह्यांच्या सुबक अक्षरात नऊ, नऊ, नऊ. मी कागद घेऊन गुणाकार केला. पुन्हा केला.

"अहो, दीडशे फेऱ्या, चौसष्ट मीटरची एक. नऊ हजार सहाशे मीटर होतात. वरचे सहाशे कुठे गेले?"

"ते लाल आकडे," हे सहज म्हणाले.

"काय?"

"पाण्याच्या मीटरला पुढे काळे आकडे असतात, मागे लाल. लाल आकडे लिहायचे नाहीत. पहिल्या दिवशीच शिकवतात." आणि मग त्यांचा चेहरा पडला. त्यांना स्वतःलाच कळलं. मीटर शून्यावर येत नाही, आज सोडलेले लाल आकडे उद्या काळ्यात येतात. मी मात्र रोज सकाळी शून्यापासून सुरू करत होते.

पंच्याहत्तर दिवसांचे सहाशे-सहाशे मीटर. पंचेचाळीस किलोमीटर ह्यांनी सवयीने सोडून दिले होते. सूर्य अजून मावळला नव्हता, मला बोलायला भरपूर वेळ होता. पण मला इतकं हायसं वाटलं, की मी काहीच बोलले नाही. हे त्यालाच जास्त घाबरले.

म्हणजे झाले सातशे वीस. उरले अठ्ठेचाळीस. तीन दिवस, रोज सोळा, रोज अडीचशे फेऱ्या. पहिल्या दिवशी मी त्या पुऱ्या केल्या. वहिनी लिंबूपाणी घेऊन उभ्या होत्या, मास्तर कठड्याला टेकून "घाट संपला, आता उतार" वगैरे सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला, तर उजवा गुडघा नारळाएवढा.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर गुडघा दाबून म्हणाले, "काय करत होता?"

"चालत होते."

"कुठे?"

मी शहराचं नाव सांगितलं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. मग चिठ्ठीवर लिहिलं, आठ दिवस चालणं बंद, आणि 'बंद'खाली दोन रेघा मारल्या.

बत्तीस किलोमीटर राहिले होते. बत्तीस. मी पलंगावर पाय उशीवर ठेवून बसले आणि ह्यांना म्हणाले, "तिकिटं रद्द करा."

हे उठले. दाराशी जाऊन उभे राहिले, परत आले. "अगं, ती वाट बघत असेल."

"मला माहीत आहे."

"तू समोर नसलीस तर तोंड उघडणार नाही म्हणाली आहे. ती तशीच हट्टी आहे."

"तेही माहीत आहे. पण तिचा आवाज यायचाय अजून. आत्ता कशी मी लबाडी करू?"

त्यांनी तिकिटं रद्द केली नाहीत. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी धाकटीला लिहिलं, ते मला नंतर दिसलं. 'ताई येत नाही. गुडघा सुजला. बत्तीस किलोमीटर राहिले. काही सुचत असेल तर कळव. माझं ऐकत नाही.'

दहाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला, टिंग टिंग करत, एकामागून एक. धाकटी बोलते तशीच लिहिते, श्वास न घेता.

"ताई, तू देवाला नक्की काय म्हणालीस? शब्द सांग."

मी लिहिलं. शब्द तर मास्तरांच्या सहीसकट कचेरीत जमा होते. मी चालत तिच्यापर्यंत जाईन.

"तिच्यापर्यंत. तिच्या घरापर्यंत नाही."

"तू घरातच आहेस ना?"

"कोण म्हणतं? डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. समोरच्या बागेत पाटी आहे, एक फेरी एक किलोमीटर. रोज एक मारते. आज एक्केचाळीस झाल्या. विचार यांना, रोज बरोबर असतात. बोलता येत नाही तर पळून जाईन असं वाटतं त्यांना."

मी त्या ओळी दोनदा वाचल्या. मग लिहिलं, "तू बागेत गोल गोल फिरतेस. माझ्या दिशेने थोडीच येतेस?"

"आणि तू गच्चीवर सरळ चालतेस?"

मी उशीवरचा पाय जरा सरळ केला.

"ताई, तुझे बत्तीस राहिले, माझे एक्केचाळीस झाले. म्हणजे आपण एकमेकींना ओलांडून नऊ किलोमीटर पुढे गेलोय. वाटेत भेटले तर ओळखसुद्धा दिली नाहीस. आता गाडीत बस मुकाट्याने."

मी गुरुजींकडे ह्यांना पाठवलं, सगळा हिशोब कागदावर लिहून, लाल आकड्यांसकट. हे अर्ध्या तासाने परत आले.

"काय म्हणाले?"

"आधी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाले, मोजमाप बरोबर आहे."

सोमवारी सकाळी अकरा वाजता एका हाताने काठी टेकत, दुसऱ्याने ह्यांना धरून मी त्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले. धाकटी उंच खुर्चीवर बसली होती, गळ्याला पांढरा रुमाल. बारीक झाली होती. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं, लहानपणी औषध नको असलं की मिटायची तसं. मेहुणे तिची पर्स छातीशी धरून भिंतीला टेकले होते. डॉक्टरांनी दिव्याने आत बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बोला. एकच वाक्य. हळू."

धाकटीचे ओठ उघडले आणि पहिल्यांदा नुसतीच हवा आली. तिचे डोळे मोठे झाले. मी तिचा हात धरला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला एकही प्रार्थना आठवली नाही.

मग आवाज आला. पूर्वीचा नव्हता. इतका बारीक, की मला वाकून ऐकावं लागलं.

"ताई, एवढं चालून तू बारीक काही झाली नाहीस."

मेहुण्यांच्या हातातून पर्स पडली. डॉक्टर म्हणाले, छान, आता रोज पाच वाक्यं, त्याहून जास्त नाही. मेहुणे रुमालात तोंड घालून मान हलवत राहिले, ते हसत होते की रडत होते ते मी विचारलं नाही.

बाहेर पायरीवर तिने दुसरं वाक्य वापरलं. "घर जवळच आहे, चालत जाऊ या?" मी तिथेच बसले आणि टॅक्सी बोलवा म्हणाले.

राहिलेली तिन्ही वाक्यं तिने टॅक्सीवाल्यावर खर्च केली, की बागेवरून घ्या, पुलावरून लांब पडतं, मी इथेच राहते. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, पुलावरूनच दोनशे मीटर कमी पडतात." तिने तोंड उघडलं, बोटं मोजली आणि मिटलं. मग तिने आशेने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घसा साफ केला. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला, आता मोजमाप पुरे म्हणून.